दातबाईचा उजेड

घरात काय काय कमी करता येईल याचा विचार करायला ती बसली, तेव्हा सगळ्यात आधी तिने लेकीचं दूध बाजूला काढून ठेवलं. बाकी कशालाही कात्री लागू दे, दुधाला लागणार नाही. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, नवऱ्यालाही नाही. मनाशी ठरवलं आणि तोंड मिटून कामाला लागली.

नवरा छापखान्यात, बाइंडिंग खात्यात. छापखान्याची कामं आटली तसं मालकाने कुणाला काढलं नाही, पण सगळ्यांच्या पाळ्या अर्ध्यावर आणल्या. ‘काढलं नाही हेच नशीब,’ असं नवरा म्हणाला. अर्ध्या पाळीला अर्धंच नशीब, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

बातमी कळल्याबरोबर थोरले दीर आणि जाऊबाई भेटायला आले. दीर नेहमीसारखे गप्प. जाऊबाई एकुलत्या एका खुर्चीत बसल्या, दोन खोल्या बसल्या जागेवरून पाहून घेतल्या आणि म्हणाल्या, “अगं, आमची मागची खोली रिकामीच पडलीय. या निघून. भाडं वाचेल. आणि तू घरीच असतेस, तर मी स्वयंपाकाची बाई बंद करीन. म्हणजे तुम्हालाही फुकट राहिल्यासारखं वाटायला नको!”

ती मागची खोली तिला पाठ होती. लग्नानंतरचं पहिलं दीड वर्ष तिने तिथेच काढलं होतं. त्या घरात दुधाचं पातेलं जाऊबाईंच्या नजरेखाली असायचं. लेक तान्ही होती, तिला स्वतःला दिवसभर भूक लागायची, आणि कपभर दूध घेताना पाठीमागून प्रश्न यायचा, “आत्ताच घेतलं होतंस ना गं?” प्रश्न गोडच असायचा. पण कप खाली ठेवावा लागायचा.

“अजून भागतंय आमचं, वहिनी,” ती म्हणाली.

“भागेल गं. तू काय, कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेली!” जाऊबाई हसून उठल्या. “न भागलं तर आम्ही आहोतच.”

तेव्हापासून दर रविवारी फोन. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी तेच. “भागतं ना?” दुकान कधी बंद होणार याची चौकशी करावी, तसं.

भागवायचंच, असं म्हणून तिने कंबर कसली. डाळ भिजल्याशिवाय शेगडीवर चढेना. एक वाफ आली की गॅस बंद, आणि भांडं जुन्या रजईत गुंडाळून कोपऱ्यात, ते आपल्याच उबेत शिजत बसायचं. लेकीला वाटायचं, आईने रजईत बाळ झोपवलंय. ती हळूच जाऊन त्याला थोपटायची आणि वरणाचा वास आला की खुदकन हसायची. साबणाचे चिपाड झालेले तुकडे एका मोज्यात जमा होऊ लागले. झिजलेल्या चादरी मधोमध कापून, कडेचा जाड भाग आत घेऊन पुन्हा शिवल्या गेल्या. नवऱ्याचे केस तिने स्वतः कापले. छापखान्यात सगळे म्हणाले, “काय रे, कटिंग मशीनमध्ये डोकं घातलंस की काय?” त्याने घरी येऊन सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. पुढच्या वेळी तिने वाटी उपडी ठेवून कापले. ते जास्त वाईट झाले.

टूथपेस्टची ट्यूब संपली की ती कात्रीने उभी चिरायची. आतल्या भिंतीला चिकटलेली पेस्ट ब्रशने खरवडून काढायची. आणि हे सगळं दातबाईच्या डोळ्यांदेखत.

दातबाई म्हणजे त्यांच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरचा जाहिरातीचा बोर्ड. उन्हाळ्यात लागला होता. टूथपेस्टची जाहिरात: एक बाई, तिचं भलंमोठं हसू, आणि एकेक दात खिडकीच्या झडपेएवढा. बोर्ड अगदी हिच्या खिडकीला लागून. दिवेलागणीला त्याच्यावर दोन मोठे झोत लागायचे आणि त्यांचा निम्मा उजेड दातबाई सोडून सरळ हिच्या खोलीत यायचा.

सुरुवातीला तिला वैताग आला. लेक झोपेना. मग एक दिवस कांदा चिरता चिरता तिच्या लक्षात आलं, की आपण दिवा लावलेलाच नाही. कांदा दिसतोय, सुरी दिसतेय, बोट दिसतंय. तिने पटापट दोन्ही खोल्यांत फिरून पाहिलं. स्वयंपाकघरात पुरेसा, बाहेरच्या खोलीत तर सुई ओवता येईल इतका.

त्या दिवसापासून संध्याकाळी घरात दिवा लागणं बंद. ती खिडकीखाली बसून शिवायची, निवडायची, छापखान्यातून आलेल्या कागदांच्या पट्ट्यांवर लेकीला चित्रं काढून द्यायची. इतकी खूश होती, की जिन्यात भेटेल त्याला सांगायची. समोरच्या नर्सबाईंना सांगितलं. वरच्या घड्याळवाल्या काकांना सांगितलं. खाली राहणाऱ्या मालकीणबाईंना तर रंगवून सांगितलं: “काकू, तुमच्या दातबाईने मला फुकट उजेड दिलाय बघा! बिल कसं धाडकन खाली येतं ते पाहाच आता.”

“हो का?” मालकीणबाई म्हणाल्या. “छान, छान.”

इमारतीला मीटर एकच, मालकीणबाईंच्या नावावर. घरं चार. बिल आलं की मालकीणबाई भागिले चार करायच्या आणि आकडा दारात येऊन सांगायच्या. पिढ्यानपिढ्या चाललंय असं त्या म्हणायच्या. पिढी त्यांची एकटीचीच होती.

बिल आलं. खाली यायच्या ऐवजी वर गेलं होतं.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मालकीणबाईंनी आकडा पुन्हा सांगितला. “दर वाढले असतील गं,” त्या म्हणाल्या. पुढचं बिल आणखी वर. तिने बाथरूममधला दिवा काढून ठेवला, इस्त्री बंद केली, नवरा सुरकुत्यांसकट कामावर जाऊ लागला. लेकीची अंघोळ दुपारी, उन्हात तापलेल्या बादलीतल्या पाण्याने. त्याच्या पुढचं बिल तसंच.

नवरा म्हणाला, “तू उगाच जिवाला लावून घेतेस. दादाकडे निदान...”

“दादाकडे काय?”

“काही नाही.”

“नाही, बोला ना. दादाकडे काय?”

त्याने चपला कोपऱ्यात सरकवल्या. थकूनभागून आलेला माणूस. अर्धी पाळी असली तरी उरलेला वेळ तो दुसरं काम शोधत चालत असायचा. लेक त्याच्या मांडीवर चढून बसली आणि विचारू लागली, “बाबा, तुम्ही भागलात?”

“हो, भागलो.”

“मग आई तर म्हणते, भागत नाही!”

दोघंही हसली. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

बिलाचे पैसे देऊन झाल्यावर जे उरलं, त्यात दुसऱ्या दिवशी तिने दुधाच्या पातेल्यात पाणी घातलं. थोडंसंच. कुणाला कळणार नाही इतकं. हात पुढे झाला, पाणी पडलं, आणि तिला वाटलं, आत्ता पाठीमागून कुणीतरी विचारणार. कुणी नव्हतं. लेकीने पेला तोंडाला लावला, खाली ठेवला, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आई, दूध पण भागलंय.”

त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, “या महिन्याचं बिल बघू. तेही चढलं तर करा फोन दादांना.” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तो महिना नुकताच लागला होता. संध्याकाळची वेळ. नवरा घरीच होता, जमिनीवर बसून लेकीला पट्ट्यांची वही शिवून देत होता. ती खिडकीखाली बटाटे सोलत होती. खालून काहीतरी ‘फट्’ झाल्याचा आवाज आला आणि अंधार झाला.

“फ्यूज उडाला,” नवरा म्हणाला. “नर्सबाईंची शेगडी आणि मालकीणबाईंचा गीझर एकदम लागला असेल. नेहमीचंच आहे.”

ती सुरी हातात धरून तशीच बसली. काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय ते कळायला तिला क्षणभर लागलं. त्यांच्या घरात एकही दिवा लागलेला नव्हता. आणि तरी अंधार झाला होता.

ती ताडकन उठून खिडकीशी गेली. रस्त्यावरचे दिवे चालू. समोरचं वाण्याचं दुकान चालू. पलीकडच्या इमारतीत खिडक्या उजळलेल्या. अंधार फक्त त्यांच्या इमारतीत, आणि भिंतीवर दातबाईच्या तोंडात.

“अहो,” ती म्हणाली, “आपला फ्यूज उडाला तर ही कशी विझली?”

“कोण?”

“ही! दातबाई!”

नवऱ्याने हातातली सुई खाली ठेवली.

ती जिना उतरली ती दोनदोन पायऱ्या टाकत. जिन्याखाली घड्याळवाले काका तोंडात टॉर्च धरून मुख्य फ्यूजला तार गुंडाळत होते. ते काम इमारतीत कायम त्यांच्याच गळ्यात असायचं. नर्सबाई मेणबत्ती घेऊन उभ्या, मालकीणबाई सूचना देत उभ्या.

“काका, जरा टॉर्च इकडे मारा ना.”

मीटरच्या बाजूला चार घरांचे चार फ्यूज, जुने, कळकट. आणि त्यांच्या खाली पाचवा. पांढराशुभ्र, नवाकोरा. त्याच्यातून निघालेली काळी वायर भिंतीच्या कडेकडेने, अगदी सभ्यपणे, खिडकीतून बाहेर आणि वर गेली होती.

सगळ्यांनी ती वायर पाहिली. काकांनी तोंडातली टॉर्च काढून पुसली.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. घरातली काडीन् काडी डोळ्यांत तेल घालून पाहणारी आपण, आणि खिडकीतून आत येणारा उजेड कुठून येतो हे विचारलं नाही! वर जिनाभर मिरवलं. तिने हात पुढे केला, पाचवा फ्यूज खटकन ओढून काढला आणि स्वेटरच्या खिशात टाकला.

“ए, ते काय केलंस?” मालकीणबाई ओरडल्या.

“काढला.”

“लाव परत!”

“हा बोर्ड आपल्या मीटरवर चालतो, काकू?”

“मग काय झालं? इमारत माझी, भिंत माझी. भिंतीवर मी काय लावायचं ते तुला विचारून लावू?”

“लावा की. दहा लावा. पण त्याचं भाडं तुम्ही एकट्या घेता, आणि बिल मात्र भागिले चार?”

मालकीणबाईंनी नर्सबाईंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मग सावकाश हसल्या. “अगं, पण त्या दिव्याचा सगळ्यात जास्त फायदा घेतं कोण? तूच ना? तूच तर सांगत फिरत होतीस, काकू, फुकट उजेड मिळतोय, मी घरात दिवाच लावत नाही. विचार यांना! सगळ्यांच्या पैशाने तू शिवणं करायचीस, आणि आता मला शहाणपण शिकवतेस?”

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. खोटं काहीच नव्हतं त्यात. काका जमिनीकडे बघत होते. वर जिन्यात नवरा लेकीला कडेवर घेऊन उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं: चल, पुरे, वर ये.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, तो थरथरू दिला. “वापरला मी. मूर्खासारखा वापरला. फुकट समजून जे घेतलं, त्याचे पैसे दर महिन्याला देत होते, आणि वर तुमचे आभार मानत होते. आता नाही वापरणार. आणि पैसेही नाही देणार. बोर्डाला वेगळं मीटर बसवा आणि फ्यूज घेऊन जा. माझ्याकडे नीट राहील.”

“महिनाअखेर खोली खाली करायची!”

“महिनाअखेर बघू, काकू. आज संध्याकाळ माझी आहे.”

वर आल्यावर ती दारातच बसली. काकांनी तार गुंडाळून मुख्य फ्यूज लावला आणि इमारत उजळली. दातबाई काळीठिक्कर. नवऱ्याने कितीतरी दिवसांनी बाहेरच्या खोलीतला दिवा लावला. त्या उजेडात तिला घर अनोळखी वाटलं. भिंतीवर पोपडे होते, ते झोताच्या उजेडात कधी दिसलेच नव्हते.

“आता काय?” नवऱ्याने विचारलं. “तिने खरंच काढलं तर दादाकडेच जावं लागेल.”

“जावं लागलं तर जाऊ. पण हे देऊन नाही जायचं.” तिने खिशातून फ्यूज काढला, डाळीच्या डब्यात खुपसला आणि झाकण घट्ट लावलं.

त्याने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “डाळ भिजवताना बघ हं. शिजायला वेळ लागेल त्याला.”

पुढचे काही दिवस मालकीणबाई जिन्यात समोर आल्या की तोंड फिरवायच्या. दुकानदाराकडे बोलून आल्या, शेजारच्या इमारतीत बोलून आल्या, शिकलेल्या बायका अशाच असतात वगैरे. रोज वाटायचं, आज जाऊन देऊन टाकावा. रोज ती डबा उघडायची, डाळ काढायची, पांढऱ्या चिनी मातीवर बोट टेकवायची आणि झाकण लावायची. एकदा नर्सबाई ड्यूटीवर जाताना दाराशी थांबल्या. “बिल आलं की मीही देणार नाही गं. त्या दिवशी बोलायला हवं होतं, जीभच उचलली नाही.”

दातबाई अंधारात राहणं तिच्या मालकांना खपणार नव्हतं. एका सकाळी मोटारसायकलवरून जाहिरात कंपनीचा माणूस आला. जिन्याखाली त्याचं आणि मालकीणबाईंचं बोलणं सुरू झालं. ती पाण्याची बादली घेऊन वरच्या पायरीवर थांबली. मुद्दाम ऐकायला थांबली, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

“बोर्ड रात्रभर बंद असतो म्हणून तक्रार आहे, मॅडम.”

“अहो, भाडेकरू आहेत ना वरचे! फ्यूज पळवलाय. विजेचं बिल परवडत नाही म्हणतात.”

“पण विजेचा त्यांचा काय संबंध?” माणूस गोंधळला. “भाड्यावर विजेचे पैसे वेगळे देतो ना आम्ही तुम्हाला. वेगळं मीटर घेईन असं तुम्हीच सांगितलं होतं.”

वर बादलीतलं पाणी डुचमळलं. मालकीणबाईंनी वर पाहिलं. ती वरच्या पायरीवर उभी होती, आणि तिच्या मागे, रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाई.

“नमस्कार,” ती त्या माणसाला म्हणाली. “फ्यूज माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. मीटर बसलं की लगेच मिळेल.”

मालकीणबाईंचे दात घशात गेले ते असे. पण त्या मालकीणबाई होत्या, दोन दिवसांनी वर आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, “वेगळ्या मीटरला अर्ज केलाय. खोली राहू दे तुमच्याकडे. मागचं मात्र झालं ते झालं.”

“नाही, काकू. बोर्ड लागला तेव्हापासूनचं.”

“इतकं कुठे असतं का!”

“तिघांचं,” ती म्हणाली. “माझं एकटीचं नाही.”

खूप घासाघीस झाली. सगळं काही परत मिळालं नाही. पुढच्या बिलांतून थोडं थोडं कापायचं ठरलं, आणि त्यातही मालकीणबाईंनी एक महिना खाल्लाच. ती तो महिना सोडायला तयार नव्हती. काका म्हणाले, “पोरी, जाऊ दे आता.” तिने काकांसाठी सोडला, मालकीणबाईंसाठी नाही.

मीटर बसलं तो शनिवार होता. रविवारी संध्याकाळी जाऊबाई फोन न करता स्वतःच आल्या. महिना संपत आला होता ना, आणि महिनाअखेर खोली सोडावी लागेल असं मागच्या रविवारी फोनवर नवऱ्याच्या तोंडून निसटलं होतं. सोबत दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या. सामान बांधायला उपयोगी पडतील, असं त्यांनी बसण्याआधीच सांगितलं.

दिवेलागण झाली. बाहेर झोत लागले, दातबाईने तोंडभर दात काढले, आणि उजेड नेहमीसारखा खिडकीतून आत आला. ती उठली आणि घरातला दिवा तिने बंद केला.

“अगं बाई,” जाऊबाई म्हणाल्या, “इथपर्यंत आलं का? अंधारात बसायची वेळ?”

“अंधार कुठे आहे, वहिनी? मी तुमच्या पिशव्यांवरची शिवणसुद्धा बघू शकते. एका बाजूची उसवलीय. घालून देऊ टाका?”

जाऊबाईंनी पिशवी जवळ ओढली. “हा कुणाचा उजेड म्हणे?”

“कंपनीचा. पैसे कंपनी देते. मी स्वतः मीटर बघून आलेय.”

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

ती आत गेली. पातेल्यातलं दूध पेल्यात ओतलं, पेला काठोकाठ भरला. पाण्याच्या भांड्याला हात लावला नाही. लेकीला हाक मारली आणि जाऊबाईंच्या समोर, त्यांच्या अगदी नजरेखाली, पेला तिच्या हातात दिला. लेकीने एका दमात निम्मा संपवला. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली.

“बाकी ठीक,” जाऊबाई म्हणाल्या. “पण खरं सांग मला. भागतं ना?”

“नाही भागत,” ती म्हणाली. “मोज्यात साबण आहे, रजईत डाळ आहे, तुमच्या दिरांचे केस तर तुम्ही बघताच आहात. तरी नाही भागत. पण भागवणारी मी आहे, आणि हे घर माझं आहे. आता भागलं नाही की आधी बघेन, कुणाच्या वाटणीचं मी भरतेय.” तिने पिशव्यांची नीट घडी घातली आणि जाऊबाईंच्या मांडीवर ठेवली. “या घेऊन जा. आणि आता बसा निवांत, चहा टाकते. तुमच्यासाठी पत्ती नवी घालते.”